मिलिमीटरला हजार वर्षं

१५४० साली गार्सिया लोपेझ दे कार्देनास हा स्पॅनिश सरदार होपी आदिवासी वाटाड्यांच्या मागोमाग ॲरिझोनाचं कोरडं पठार तुडवत एका कड्यापाशी येऊन थबकला. युरोपातल्या माणसानं ग्रँड कॅनियन पाहिल्याची ही पहिली नोंद. खाली तळाशी नदीची रेघ दिसत होती. वरून पाहणाऱ्या स्पॅनिश मंडळींचा अंदाज असा की पात्र फार तर सहा फूट रुंद असेल. स्थानिक लोक म्हणाले, छे, अर्धा लीग आहे, म्हणजे दोनेक किलोमीटर. दोन्ही अंदाज चुकलेले होते. कोलोरॅडो नदीचं इथलं पात्र सरासरी नव्वद मीटर रुंद आहे.

तीन दिवस ही मंडळी कड्यावरून उतरायला वाट शोधत राहिली. शेवटी अंगानं हलके आणि पायानं चपळ असे तिघं निवडून खाली पाठवले. दुपारी चारच्या सुमारास ते परत आले. जेमतेम एक तृतीयांश उतरून झालं होतं. वरून माणसाएवढे वाटणारे खडक जवळ गेल्यावर सेव्हिल शहरातल्या प्रसिद्ध मनोऱ्यापेक्षाही उंच निघाले, असं त्यांनी सांगितलं. जगात कुठेही डोळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या सैनिकांनी इथे मात्र शंभर मीटरच्या ऐवजी दोन मीटर पाहिले होते, आणि आजही या दरीच्या काठावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचे डोळे तसेच फसतात. समोर नजरेला पडताळून पाहायला एकही घर, झाड किंवा विजेचा खांब नसतो. असतो तो फक्त खडक, आणि खडकाला स्वतःचं असं माप नसतं.

मग आकड्यांकडे वळावं, तर तेही हाती लागत नाहीत. लांबी ४४६ किलोमीटर. पुण्याहून पणजीला गाडीनं जायला साधारण एवढंच अंतर पडतं. जास्तीत जास्त रुंदी २९ किलोमीटर. खोली कुठे दीड हजार, कुठे अठराशे मीटरच्या घरात. आपलं कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच. ते मुळापासून उपटून उलटं करून या दरीत खुपसलं, तर सर्वात खोल जागी त्याचं टोक तळाला टेकणारही नाही. कळसूबाईला आपण बारी गावातून चढतो ती चढण तर हजार मीटरच्या आतली आहे. इथल्या साउथ कायबॅब ट्रेलनं नदीवरून वर यायचं म्हणजे १४५७ मीटर चढायचं.

ही उलटी गोष्ट सह्याद्रीत फिरणाऱ्याला सगळ्यात अवघड जाते. आपल्याकडे ट्रेक म्हणजे सकाळच्या ताज्या पायांनी चढायचं, दुपारी डबा खायचा आणि गुडघ्यांना शिव्या देत उतरायचं. दम लागला तर अर्ध्या वाटेवरून मागे फिरता येतं, उताराला लागलो की घर जवळ येतं. ग्रँड कॅनियनमध्ये आधी उतार, तोही मोठा मोहक. थकलेल्या पायांनी, दुपारच्या उन्हात, रिकाम्या होत चाललेल्या पाण्याच्या बाटलीनिशी चढाई शेवटी. खाली उतरताना लागलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ वर यायला धरा, असं तिथले रेंजर सांगतात.

अंतराचं आणखी एक कोडं ऐका. दक्षिण काठावरच्या वस्तीतून उत्तर काठावरची वस्ती सरळ रेषेत सुमारे १६ किलोमीटर. गिधाडाला हे अंतर पुरेसं आहे. पायी जायचं तर नदीपर्यंत उतरून, पूल ओलांडून, पलीकडे चढून ३८ किलोमीटर. आणि मोटारीनं? सुमारे ३४५ किलोमीटर आणि साडेचार-पाच तास, कारण रस्त्याला अख्ख्या दरीला वळसा घालून जावं लागतं. मोटारीपेक्षा पायवाट नऊपट जवळची पडते, अशी ठिकाणं विसाव्या शतकानंतर फारशी उरलेली नाहीत.

आता हे कोरलं किती, याचा हिशेब मांडू. दरीतून आजवर वाहून गेलेल्या मालाचा अंदाज आहे ४ लाख १७ हजार कोटी घनमीटर. हा आकडा वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत असेल तर त्याला नमस्कार. म्हणून तो सगळा माल महाराष्ट्रावर पसरून पाहिला. सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत, नंदुरबारपासून उदगीरपर्यंत, ३ लाख ७ हजार ७१३ चौरस किलोमीटरवर समान थर दिला, तर त्याची जाडी भरते साडेतेरा मीटर. चार मजली इमारती गच्चीपर्यंत गाडल्या जातील.

आणि नेमकं इथेच, आकडा सर्वात अवाढव्य झाल्यावर, त्याला कालावधीनं भागलं की तो एकदम लहान होतो. नदीनं ही दरी आजच्या रूपात कोरायला सुरुवात केली ती साधारण पन्नास ते साठ लाख वर्षांपूर्वी. काही भाग त्याहून जुने असावेत असं म्हणणारे भूशास्त्रज्ञ आहेत, तो वाद जुना आणि जिवंत आहे. साठ लाख वर्षं धरली तर रोजचा उपसा येतो १९०० घनमीटर. दहा घनमीटरचा एक डंपर धरा. रोज १९० डंपर. शहरातला एखादा मोठा मेट्रो प्रकल्प यावर हसेल. ग्रँड कॅनियन खणायला निसर्गानं कुठलीही अचाट ताकद वापरलेली नाही; त्यानं कामावर एकही सुट्टी घेतली नाही, इतकंच. खोलीचा हिशेब तर आणखी गंमतीचा. दीड-पावणेदोन किलोमीटर भागिले साठ लाख वर्षं म्हणजे वर्षाला मिलिमीटरचा पाव हिस्सा, किंचित जास्त. शिवराज्याभिषेकापासून आजपर्यंत, म्हणजे साडेतीनशे वर्षांत, नदी सरासरीनं साडेनऊ सेंटिमीटर खाली गेली असेल.

ज्या नदीनं हे केलं ती तरी किती मोठी? कोलोरॅडोची लांबी २३३० किलोमीटर, खोरं महाराष्ट्राच्या दुप्पट. पण पाणी पाहाल तर निराशा होईल. विसाव्या शतकातला तिचा नैसर्गिक वार्षिक प्रवाह आपल्या ओळखीच्या मापात सुमारे ६४५ टीएमसी. गोदावरीचा सुमारे ३९०० टीएमसी. म्हणजे गोदामाई तिच्या सहापट. मग नाशिक-पैठण-नांदेडला असली दरी का नाही?

उत्तरात तीन गोष्टी येतात: उतार, उंचावलेली जमीन आणि कोरडी हवा. कोलोरॅडो रॉकी पर्वतात तीन हजार मीटरवर उगम पावते. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरला हजार-अकराशे मीटरवर. शिवाय कोलोरॅडोच्या वाटेतलं पठार गेल्या काही कोटी वर्षांत भूगर्भातल्या हालचालींनी वर उचललं गेलं. पठार वर आलं तशी नदी त्यात खाली रुतत गेली. एकट्या ग्रँड कॅनियनच्या लांबीत ती सुमारे सहाशे मीटर उतरते, आणि पुराच्या वेळी धोंडे घेऊन उतरते. तिसरी गोष्ट पावसाची. दक्षिण काठावर वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, तळाशी त्याच्या निम्मा. आपल्या जत-आटपाडीकडचा शेतकरी ज्याला दुष्काळी वर्ष म्हणेल ते तिथलं बरं वर्ष. एवढ्या कमी पावसात उतारावर गवत-झाडी धरत नाही, मातीचा थर साचत नाही, कडे गोलाई न घेता ताठ उभे राहतात. कठीण थराचा कडा, मऊ थराचा उतार, पुन्हा कडा. भरपूर पावसाच्या मुलखात हीच दरी कधीच झाडीनं भरलेलं, मऊ काठांचं खोरं होऊन बसली असती. अर्धशुष्क प्रदेश म्हणजे पाण्याचं काम कमी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिथे पाण्याचं काम जास्त उघडं दिसतं.

रुंदीचं श्रेय मात्र मुख्य नदीला देता येत नाही. तिनं फक्त खाली कापलं. दोन्ही काठ मागे सरकवले ते बाजूच्या ओढ्यांनी, पहाटेच्या बर्फानं फटीत शिरून सुटे केलेल्या खडकांनी आणि चार-दोन तासांच्या वळवानं. त्यातही दोन काठ सारखे नाहीत, आणि हे पायवाटांच्या लांबीत चक्क मोजता येतं. साउथ कायबॅब ट्रेल काठापासून नदीपर्यंत अकरा किलोमीटर. उत्तर काठाकडची नॉर्थ कायबॅब साडेबावीस. दुप्पट! कारण पठार दक्षिणेकडे कललेलं आहे. उत्तर काठावर पडलेलं पाणी दरीच्या दिशेनं वाहत येतं आणि काठ कुरतडतं. दक्षिण काठावर पडलेलं पाणी दरीकडे पाठ फिरवून निघून जातं. शिवाय उत्तर काठ तीनेकशे मीटर अधिक उंच, त्यामुळे तिथे पाऊस आणि बर्फही जास्त. लाखो वर्षांच्या या पक्षपातानं उत्तर काठ नदीपासून लांब गेला. उत्तरेकडून उतरणाऱ्याच्या पायांना त्या दिवशी जास्तीचे अकरा किलोमीटर पडतात त्याचं कारण हे. नॉर्थ कायबॅबच्या माथ्यावर २०२५च्या जुलैत वीज पडून लागलेल्या वणव्यात जवळपास दीड लाख एकर जंगल होरपळलं, उत्तर काठावरचं जुनं लॉज खाक झालं आणि ती वाट बंद करावी लागली.

साउथ कायबॅबची जन्मकथा तर मराठी माणसाला लगेच कळेल अशी आहे. टोल! जुनी, सोपी, झऱ्यांवरून जाणारी वाट म्हणजे ब्राइट एंजल ट्रेल. मुळात ती हावासुपाई या स्थानिक आदिवासी लोकांची. राल्फ कॅमेरॉन नावाच्या गृहस्थानं खाणींचे हक्क नोंदवून ती ताब्यात घेतली आणि माणशी, खेचरामागे एक डॉलर टोल लावला. पुढे हा गृहस्थ अमेरिकेच्या सिनेटमध्येही जाऊन बसला. १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झालं तरी टोल काही सुटेना, तेव्हा उद्यानवाल्यांनी वैतागून १९२४-२५मध्ये स्वतःचीच वाट खोदली. टोल चुकवण्यासाठी १४५७ मीटरच्या कड्यावर नवा रस्ता. ही वाट ओढ्याच्या नाळेऐवजी डोंगराच्या सोंडेवरून जाते, म्हणून तिच्यावर पाण्याचा एकही थेंब नाही आणि नजारा मात्र सर्वात मोठा आहे.

या वाटांचं खरं माप किलोमीटरमध्ये नाही. दक्षिण काठावर यावापाई या ठिकाणाहून निघणारी एक सपाट, डांबरी पायवाट आहे. २०१० साली तिच्यावर ब्राँझच्या खुणा बसवल्या. ट्रेल ऑफ टाइम तिचं नाव. नियम एकच: एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. व्हीलचेअरवरूनही जाता येईल अशा या वाटेएवढी धसकावणारी वाट मला तरी माहीत नाही, कारण तिचा हिशेब आपल्या मापात करून पाहिला की एक मिलिमीटर म्हणजे हजार वर्षं. ज्ञानेश्वरीपासून आजपर्यंत पाऊण मिलिमीटर. वेरूळचं कैलास लेणं खोदलं त्याला सव्वा मिलिमीटर. हडप्पा-मोहेंजोदडोची शहरं साडेचार-पाच मिलिमीटरवर. आपली आधुनिक मानवजात जेमतेम तीस सेंटिमीटर, शाळेतल्या फूटपट्टीएवढी. मराठी साहित्य, सातवाहन, बुद्ध, लोखंड, गहू, घोडा, सगळं करंगळीच्या रुंदीच्या आत.

मग पाच-सहा मीटरवर येतो दरीचा जन्म. तिथून पुढे चालत राहिलं की सहासष्टाव्या मीटरच्या आसपास एक अशी जागा येते जिथे मराठी माणसानं थांबायला हवं. तिथे सह्याद्री आहे. दख्खनचा लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहिला. आजही त्याचा विस्तार पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि पश्चिम घाटात त्याच्या थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरहून अधिक भरते. त्यातला बहुतेक लाव्हा अलीकडच्या कालमापनानुसार दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. म्हणजे या वाटेवर एका मीटरच्या आत. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, साल्हेर, अजिंठ्याचा कातळ, आपण ज्याला अनादी म्हणतो ते सगळं एका लांब टांगेत आटोपतं.

आणि ग्रँड कॅनियनचा सर्वात वरचा, सर्वात तरुण थर, ज्यावर पर्यटक उभे राहून फोटो काढतात तो कायबॅब चुनखडक, अजून दोनशे मीटर पुढे आहे: २७ कोटी वर्षं. तो समुद्राच्या तळाशी साचला तेव्हा डायनोसॉर जन्माला यायचे होते. या दरीच्या भिंतींत डायनोसॉरचं एकही हाड सापडत नाही. मुलांना ही गोष्ट पटवणं कठीण जातं. तळाकडचा काळपट विष्णु शिस्ट १७५ कोटी वर्षांचा. होय, विष्णु. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना इथल्या शिखरांना पूर्वेकडच्या देवादिकांची नावं द्यायची हौस होती, त्यामुळे ब्रह्मा, शिवा, विष्णु अशी मंदिरं म्हणजे सुळके इथे आहेत आणि त्यांच्यात एकाही गुरवाची सोय नाही. दरीतला सर्वात जुना खडक १८४ कोटी वर्षांचा, म्हणजे यावापाईपासून १८४० मीटरवर. पृथ्वीच्या जन्मापर्यंत जायचं तर साडेचार किलोमीटर चाला.

आता हेच उतारावर लावून पाहू. साउथ कायबॅबनं नदीपर्यंत जायला साधारण सोळा हजार पावलं पडतात. २७ कोटींपासून १७५ कोटींपर्यंत. पावलाला सरासरी नव्वद हजार वर्षं. सरासरी नेहमीप्रमाणे इथेही थाप मारते, कारण थर सलग नाहीत. दरीत काही ठिकाणी ५० कोटी वर्षांच्या तांबूस वालुकाश्माचा थर थेट त्या १७५ कोटींच्या शिस्टवर बसलेला आहे. मधली सुमारे १२० कोटी वर्षं गायब. खडक होते, झिजून गेले. तळहात त्या सांध्यावर ठेवला तर करंगळी एका युगात आणि अंगठा दुसऱ्यात, मध्ये ट्रेल ऑफ टाइमवरचं सव्वा किलोमीटर अंतर. ग्रँड कॅनियनची सगळ्यात प्रचंड गोष्ट ही रिकामी जागा आहे असं माझं मत आहे. ती दरीपेक्षा मोठी आहे, आणि ती पाहायला काहीही नाही.

पायांकडे परत येऊ. साउथ कायबॅबचा काठ सुमारे २२०० मीटरवर, नदी सुमारे ७५० मीटरवर. काठावर पाइनच्या सावलीत स्वेटर लागावा अशा दिवशी तळाशी फँटम रँच या मुक्कामाच्या जागी अकरा-बारा अंश जास्त ऊन असतं. जुलैतलं तिथलं सरासरी कमाल तापमान ४१ अंश. १८८९ साली सी. हार्ट मेरिअम या निसर्गशास्त्रज्ञानं याच परिसरात हिंडून पाहिलं की उंचीगणिक झाडं आणि प्राणी बदलत जातात, जणू आपण मेक्सिकोतून कॅनडाकडे निघालो आहोत. पायी एका दिवसात एवढे अक्षांश कापल्यावर शरीर जे करतं ते तिथल्या बचाव पथकाच्या वहीत उमटतं: दरवर्षी अडीचशेहून अधिक लोकांना दरीतून सोडवून आणावं लागतं. यातले बरेच जण तरुण, धडधाकट आणि सकाळी अतिशय उत्साही असतात. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा बेत करू नका, अशा पाट्या वाटेवर चित्रांसकट लावलेल्या आहेत. वर्षाला सत्तेचाळीस लाखांपासून साठ लाखांपर्यंत माणसं ही दरी बघायला येतात आणि शंभरातला एखादाही तळाशी जात नाही. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेले आपले आई-बाबा लास व्हेगासहून बसनं येतात, कठड्याला टेकून उभे राहतात, चहा चांगला मिळत नाही म्हणतात आणि परततात. त्यांचं काही चुकत नाही.

काठावरच्या त्या चहाचं पाणी कुठून येतं, हा मात्र विचारण्याजोगा प्रश्न आहे. दक्षिण काठावर झरा नाही, विहीर नाही; तिथलं पाणी, वर सांगितल्याप्रमाणे, दरीकडे पाठ करून जमिनीत मुरतं. नदी डोळ्यांपुढे, दीड किलोमीटर खाली. म्हणून पाणी आणतात पलीकडून. उत्तर काठाच्या पोटातल्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यातून वीस किलोमीटरची नळवाट दरीत उतरते, पुलावरून नदी ओलांडते आणि मग पंपानं दक्षिण काठावर चढवली जाते. १९७०च्या सुमाराला पूर्ण झालेली ही वाहिनी २०१०नंतर पंच्याऐंशीहून अधिक वेळा फुटली. २०२४च्या ऑगस्टअखेर इतकी फुटली की दक्षिण काठावरच्या हॉटेलांना मुक्कामी पाहुणे बंद करावे लागले. जगातल्या सर्वात प्रसिद्ध नदी-दरीच्या काठावर टँकर मागवायची पाळी.

तळाशी नदी ओलांडायला जो काळा झुलता पूल आहे त्याचीही एक बेरीज आहे. १९२८ साली तो उभारताना साडेपाचशे फूट लांब, एकेक टन वजनाच्या आठ मुख्य पोलादी दोरांना खेचरांवर लादता येईना. तेव्हा बेचाळीस माणसं, बहुतेक हावासुपाई, एका रांगेत उभी राहिली, दोर खांद्यावर घेतला आणि वळणावळणांच्या पायवाटेनं अजगरासारखा खाली नेला. माणशी चोवीस किलो. वजन फारसं नाही. पण रांगेत एकाचा पाय घसरला तर एकेचाळीस जण ओढले जाणार. मग परत वर, पुढच्या दोराला. त्याच १९२८ साली उद्यानानं ब्राइट एंजलच्या झऱ्यावर शेती करणाऱ्या शेवटच्या हावासुपाई माणसाला तिथून हलवलं. त्या जागेला हावासुपाई गार्डन्स हे नाव मिळायला २०२२ साल उजाडलं. त्यांचं सुपाई गाव आजही दरीच्या एका फाट्यात आहे, जवळच्या रस्त्यापासून तेरा किलोमीटर पायी, आणि तिथलं टपाल अजून खेचरावरून जातं.

राहिले तलाव. या कोरड्या मुलखातले दोन प्रचंड तलाव माणसानं केलेले आहेत: दरीच्या वरच्या अंगाला लेक पॉवेल, खालच्या अंगाला लेक मीड. दोन्ही पूर्ण भरले तर प्रत्येकी अकराशे टीएमसीच्या घरात. म्हणजे एकेका तलावात दहा-अकरा जायकवाडी. दोन्ही मिळून नदीचं सध्याचं चार वर्षांचं पाणी साठू शकतं. लेक पॉवेल मुख्य नदीबरोबर शेकडो अरुंद घळींत शिरतो, म्हणून भरला असता त्याचा किनारा तीन हजार किलोमीटरच्या वर जातो, कोकणच्या सातशे वीस किलोमीटर किनाऱ्याच्या चौपट. १९६३ साली दरवाजे टाकले, भरायला १९८० उजाडलं.

त्याला ज्याचं नाव दिलं तो जॉन वेस्ली पॉवेल एका हाताचा होता. दुसरा यादवी युद्धात गेला. १८६९ साली तो स्वतःसकट दहा माणसं आणि चार होड्या घेऊन या नदीत उतरला. तीन महिन्यांनी सहा माणसं बाहेर आली. एक जण आधीच निघून गेला होता. तिघं शेवटच्या खळाळांच्या भयानं कडा चढून गेले आणि मारले गेले. दोनच दिवसांनी बाकीचे सुखरूप बाहेर पडले. याच पॉवेलनं १८९३ साली लॉस एंजेलिसमधल्या सिंचन परिषदेत सांगितलं की या मुलखात जेवढी जमीन भिजवायची स्वप्नं तुम्ही पाहता तेवढं पाणी नाही, तुम्ही भांडणं पेरत आहात. सभेनं त्याची हुर्यो उडवली. पुढे त्याच्याच नावानं तलाव केला. याला काय म्हणावं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

१९२२ साली सात राज्यांनी नदी वाटून घेतली: साडेसहाशे टीएमसी. १९४४ साली मेक्सिकोला आणखी पासष्ट दिले. एकूण सुमारे ७२० टीएमसी. मोजणी ज्या वर्षांच्या आधारे झाली ती नेमकी ओली वर्षं होती, हे नंतर झाडांच्या वलयांवरून सिद्ध झालं. या शतकात नदी सरासरी साडेपाचशेसुद्धा देत नाही. वाटप ७२०, आवक ५४०. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. फक्त इथे पदरी चार कोटी माणसं आहेत. १९६०च्या दशकापासून ही नदी क्वचितच समुद्राला मिळते. २०२२च्या जुलैत लेक मीड सुमारे २७ टक्क्यांवर आला, १९३७नंतरचा नीचांक, आणि कातळावर चुन्याचा पांढरा पट्टा कित्येक मजले उंच उघडा पडला. एकट्या लेक मीडवरून वर्षाला २२ ते २६ टीएमसी पाणी वाफ होऊन जातं. पुण्याची चारही धरणं, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, मिळून साठा २९ टीएमसी. जवळपास तेवढं पाणी तिथे कुणी न पिता, न भिजवता, दरसाल उन्हात उडतं.

लेक पॉवेलजवळच्या अँटिलोप कॅनियनबद्दल एकच आकडा, सांदण दरीत हौसेनं जाणाऱ्यांसाठी. १२ ऑगस्ट १९९७ रोजी त्या चिंचोळ्या घळीत अचानक पाणी शिरून अकरा जण बुडाले. घळीवर पाऊस जवळपास नव्हताच. तो काही मैल वरच्या अंगाला पडला होता.

एवढ्या पसाऱ्यात पायानं कुणी किती फिरला? हार्वे बुचार्ट हा फ्लॅगस्टाफ इथल्या विद्यापीठात गणित शिकवायचा. १९४५पासून चाळीसेक वर्षं सुट्टी मिळाली की दरीत. बारा हजार मैल, म्हणजे एकोणीस हजार किलोमीटरची त्यानं नोंद ठेवली. दरी लांबीला ४४६ किलोमीटर. हा तिच्यात बेचाळीस-त्रेचाळीस लांब्या चालला. आणि त्याच्या वह्यांवरून वाटा ठरवून १९६३ साली कॉलिन फ्लेचर पहिल्यांदा उद्यानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पायी गेला.

आपल्याला एक सकाळ मिळाली तर साउथ कायबॅबवरून ऊ-आ पॉइंटपर्यंत जावं. नाव खरंच तसं आहे. एका बाजूचं अंतर दीड किलोमीटरहून थोडं कमी, उतार २३० मीटर, उतरायला अर्धा तास. पाणी सोबत न्यायचं, वाटेत मिळणार नाही. या २३० मीटरमध्ये तुम्ही २७ कोटी वर्षांवरून साडेसत्तावीस कोटींवर आलेले असता: काठावरच्या त्या सपाट वाटेवर पाच मीटर. खाली अजून १२२७ मीटर उतार बाकी असतो. परत फिरा, आणि वर यायला एक तास धरा.